पक्कडताईंची दुसरी पायरी

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे पक्कडताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. अठरा वर्षं ती टेबलाशी उभी राहून जनावर धरत आली होती. कुणी सुई टोचायचं, कुणी टाके घालायचं, कुणी नखं कापायचं; धरायची मात्र हीच. चवताळलेला बोका असो की दीड मणाचा कुत्रा, हिच्या हातात आला की निमूट.

यंदा भिंतीवर तक्ता लागला. ज्याला जेवढं येतं तेवढा त्याचा पगार, म्हणे. चार पायऱ्या, प्रत्येक पायरीवरच्या कामांची यादी, आणि एकेक काम डॉक्टरबाईंसमोर करून दाखवलं की सही. कल्पना काही वाईट नव्हती. नुसत्या खुर्च्या उबवणाऱ्यांना चाप बसला असता. फक्त 'जनावर धरणे' पहिल्या पायरीवर होतं, झाडलोट आणि पिंजरे धुणे यांच्या मधोमध. ते काय, कुणालाही येतं! तक्ता करणाऱ्यांनी जन्मात कधी बोका धरला नसावा.

दुसऱ्या पायरीवर रक्त काढणं होतं. ते जमलं की तपासणीच्या खोलीत बसून काम. पगार वाढला तर हवाच होता, पण ताईचा जीव अडकला होता त्या खुर्चीत. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी उठणारी कळ आता खांद्यापर्यंत चढायची. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हे धरणं सोडा, नाहीतर हात कामातून जाईल. दवाखान्यात तिने हे कुणाला कळू दिलं नव्हतं. पक्कडच ढिली झाली म्हटल्यावर हिला ठेवायचं कशाला, असं कुणीही विचारलं असतं, आणि त्याची तिला फार भीती वाटायची.

घरी ती ओल्या टॉवेलात रबरी नळी गुंडाळून सराव करायची. नवरा लांबूनच म्हणायचा, "माझ्या दंडाकडे बघू नकोस हं. मी ओरडलो तर सुई टाकून मलाच धरशील."

"तुम्हाला धरून काय करू?" ती हसायची आणि पुन्हा नळी टोचायची.

परीक्षेला एक राखाडी बोका आला. नियमाप्रमाणे धरायला दुसरा सहायक हवा, म्हणून चष्मिस उभा राहिला. चार वर्षांपूर्वी लागलेला हा गडी. ताईने धरलेल्या मांजरांवर त्याचा हात बसला आणि आता तो तिसऱ्या पायरीवर होता.

"मागचे पाय विसरू नकोस रे," ताई म्हणाली.

"तुम्ही सुईकडे बघा, ताई. धरायला काय लागतं?"

शीर पहिल्याच फटक्यात सापडली. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. सिरिंजमध्ये रक्त चढू लागलं, अर्ध्यापर्यंत आलं. जमलं, ताईला वाटलं. तेवढ्यात चष्मिसचा हात मागच्या पायांवरून निसटला आणि बोका गर्रकन उलटा फिरला.

अशा वेळी सुई बाहेर काढून आधी डब्यात टाकायची, मगच बाकीचं. ताईला हे तोंडपाठ होतं. तिच्या हातांना मात्र अठरा वर्षांत एकच गोष्ट ठाऊक होती. तिने सुई उपसून उघडीच टेबलावर फेकली आणि दोन्ही हातांनी बोका धरला. एका हातात मान, दुसऱ्यात मागचे पाय. बोका गप्प झाला. कळेने ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने सोडलं नाही.

"ताई, सुई," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

चष्मिस ओरखडलेलं मनगट चोळत पुटपुटला, "चुकलंच माझं."

डॉक्टरबाईंना राग आला असता तर ताईला भांडता तरी आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "असू दे हो. सहा महिन्यांनी पुन्हा देता येईल. आता धरलंच आहे तर तशाच धरा, मी घेते." आणि उरलेलं रक्त त्यांनी घेतलंसुद्धा.

मग फॉर्मवर 'रक्त काढणे' यापुढे फुली पडली. ताई हिरमुसू नये म्हणून खालचा शेरा त्यांनी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. "जनावर धरण्यात यांच्या तोडीचं कुणी नाही. यांना कायम याच कामावर ठेवावं." वर मान करून त्या हसल्या. "छान लिहिलंय ना?"

"हो, बाई," ताई म्हणाली.

त्यांनी सहीसाठी पेन पुढे केलं. बोका केव्हाच पिंजऱ्यात गेला होता, पण ताईच्या उजव्या हाताची बोटं अजून तशीच मिटलेली होती, काही केल्या उघडेनात. तिने डाव्या हाताने सही केली.