टेबलाखालची झोळी

मी रेवदंड्याहून अलिबागला एका लॅबमध्ये झाडूपोछ्याला जाते. शाळा आठवीत सुटली, म्हणून तिथल्या मशीनचं नाव मला अजून सरळ बोलता येत न्हाय. लॅबच्या मॅडमनी एकदा सांगितलेलं, दिव्याचा उजेड आत जातो आणि त्यातला एकच रंग, केसाहून बारीक, वेगळा होऊन बाहेर येतो. म्हणून ते मशीन आतल्या काळोख्या खोलीत टेबलावर, नि टेबलाभोवती जमिनीपर्यंत काळा पडदा. कॉम्प्युटर बाहेर. मशीन चालू असलं की आत कुणी जायचं न्हाय.

कुणी जायचं न्हाय म्हणूनच मला ती जागा सुचली. नवरा बोटीवर, सासू म्हावरं घेऊन बाजारात, पोरगी अंगावर पिणारी, ठेवू कुठं? पोर आणलं तर काम जाईल, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मग मी सगळ्यांच्या आधी यायची, टेबलाच्या लोखंडी पायांना सासूचं जुनं लुगडं बांधून झोळी करायची, पडदा सोडायची नि दोरी दाराखालनं बाहेर घ्यायची. बाहेर बसून बाटल्या पुसायच्या आणि पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढायची. पोरगी गप झोपायची. मला वाटायचं, केवढी हुशार मी.

मग मशीन बिघडलं. कॉम्प्युटरवर त्या रंगाची रेघ दिसते, ती हलते म्हणे. रस्त्यावरच्या डंपरवर ढकललं, एसीवर ढकललं, शेवटी मुंबईहून रो-रो बोटीनं इंजिनिअर आला. स्क्रीनकडं बघत बसला नि हसला.

“मॅडम, ही रेघ बघा. डावीकडे, उजवीकडे. आत पाळणा हलवताय का कुणाचा?”

“आमच्याकडे झोपतात सगळे, पण खुर्चीत,” मॅडम म्हणाल्या.

माझा अंगठा जागीच थांबला.

“अरे, थांबली की.”

आत पोरगी चुळबुळली. ती रडंल या भीतीनं मी हळूच परत ओढली.

“परत सुरू,” तो म्हणाला, आणि मागं वळला. त्यानं दोरी बघितली, मग माझा पाय.

त्यानं आत जाऊन पडदा वर केला तेव्हा सुक्या म्हावऱ्याचा वास मारणारं लुगडं, खाली मुताचं थारोळं, आणि पोरगी त्याच्याकडं बघून हसत व्हती. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मी आपली एकच बोलत व्हते, “मॅडम, काम नका काढू, परत न्हाय आणणार, काम नका काढू.”

मॅडमनी ऐकलंच न्हाय. त्यांनी वाकून पोरीचे पाय हातात घेतले.

“अगं, बर्फ झालेत हे. एसीच्या एवढ्या गारठ्यात, काळोखात, एकटी?”

ते माझ्या डोक्यातपण आलं नव्हतं. मी, आई, आणि मला कामाची पडलेली.

काम गेलं न्हाय. झोळी आता स्टोअररूमच्या खिडकीला बांधते, मॅडमनीच सांगितलं. मशीन लावायच्या आधी कुणीतरी हाक मारतं, “वहिनी, पाय आवरा,” आणि सगळे हसतात. मीपण हसते. मग स्टोअररूममध्ये जाऊन पोरीचे पाय हातात धरून बघते.