डाव्या हाताचं मीठ

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, ती चालूही लागली, पण उजव्या हाताची बोटं काही जुळेनात. घोडबंदर रोडचं माझं घर नवऱ्यावर सोपवून मी डोंबिवलीला आईबाबांकडे राहायला गेले.

स्वयंपाक मी करायचे आणि आई ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसायची. आमटीत मीठ किती घालू विचारलं, की म्हणायची, "घाल गं अंदाजाने." तो अंदाज माझ्याकडे कुठला? मी चमच्याने मोजणारी. मग ती दाखवायला उजवा हात उचलायची. बोटं जुळायची नाहीत. ती हात पदराखाली घ्यायची.

एका सकाळी म्हणाली, "आज आमटी मी करते. तू बाहेर बस."

जेवताना बाबांनी पहिला घास घेतला, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान झालीये."

आईने चाखली. "खोटं बोलू नका. खारट ढुस्स झालीये." तिचे डोळे भरले. "डाव्या चिमटीत किती येतं, तेच कळत नाही मला."

"आई, चमचा घे ना," मी म्हटलं.

"चमच्याने औषध घेतात."

बाबा उठले, आमटीत गरम पाणी ओतून पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. "उद्या परत कर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमटी अळणी झाली. त्यानंतर पुन्हा खारट. आम्ही खात राहिलो. एकदा मी दारातून पाहिलं, तर आई डाव्या हाताने मीठ काढून उजव्या तळव्यावर ठेवत होती. त्यातलं थोडं परत डब्यात टाकलं, पुन्हा तळव्याकडे पाहिलं आणि मग तळवा पातेल्यावर उपडा केला. त्या दिवशी आमटी जमली. पहिल्यांदाच आईने दुसऱ्यांदा भात घेतला.

मी परत आले त्याला आता बरेच महिने झाले. पोळ्या तिला अजून लाटता येत नाहीत, त्या बाबा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतात. त्या जाड असतात अशी तिची रोजची तक्रार असते. परवा फोनवर मी मसालेभाताचं प्रमाण विचारलं, तर म्हणाली, "रविवारी ये. सांगून नाही कळायचं."