जमनाबाईच्या हाताची शाळा

घाटंजीकडून येणारी बैलवाट नाल्यात उतरून वर चढते, तिथं सेवादास नायकाचा तांडा आहे. त्या तांड्यात जमनाबाईच्या हाताला मान होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिचा हात, तेच तांड्याचं माप. तिच्या आईनं बैलांवर मीठ लादायच्या गोणी शिवल्या होत्या. मिठाचा व्यापार गेला, गोणी गेल्या, माप तेवढं लेकीच्या हातात राहिलं. घागरा असो की घराचं जोतं, जमनाबाई हात टेकवत गेली की कुणी दुसऱ्यांदा मोजत नसे.

शाळा दोन वर्षं कडुनिंबाखाली भरत होती. अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर तालुक्याच्या शाळा पाहणाऱ्या जनपद सभेचा कागद आला. गुढीपाडव्यापर्यंत छप्पर असलेली इमारत दाखवा, नाहीतर मास्तर दुसऱ्या गावाला जाईल. जमनाबाईची नात कोकिळा दुसरीत होती. मास्तर गेला की तिच्या हाती पाटीऐवजी कापूस वेचायची ओटी येणार, हे जमनाबाईला ठाऊक होतं.

"लांबी तीस, रुंदी वीस, वर कवेलूचं छप्पर," असं जमनाबाईला सांगून मास्तर प्रशिक्षणासाठी यवतमाळला गेले.

महिन्यानं परत आले तेव्हा मातीच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या. मास्तरांनी बाहेरून एक फेरी मारली. मग दुसरी.

"याडी, हे काय केलं?" सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आईच म्हणे.

"तीस न् वीस. तूच त सांगितलं."

"फूट सांगितले होते मी!"

"फूट कोनाचा असते, मले नाही मालूम. हात माहा हाय."

एक हात म्हणजे दीड फूट; शाळा लांबी-रुंदी दोन्हीकडून दीडपट झाली होती. जंगल खात्यानं दिलेल्या सागाच्या मयाली, म्हणजे छपराच्या आडव्या तुळया, वीस फुटांच्या हिशेबानं कापलेल्या. त्या समोरच्या भिंतीपर्यंत पोचेनात. तांड्याचा आताचा नायक लालसिंग सगळ्यांसमोर हसला. "शाळा बांधाले सांगितली, याडीनं कापसाची जीन फॅक्टरी बांधली! पाडा एक भीत, घ्या अंदर."

भिंत पाडली तर नवी वाळायच्या आत पाडवा येणार. त्या दिवशी जमनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपला हात ओढणीखाली झाकला.

सकाळी ती कोकिळाचा घागरा घेऊनच नायकाच्या दारात उभी राहिली. घागऱ्याची दुमड उलटून दाखवली. "वाढत्या पोरीचा घागरा म्या कधी अंगाबरोबर शिवला काय? मंग शाळा काहून अंगाबरोबर पाह्यजे?"

"अन् छप्पर?"

"कापड पुरलं नाही त मधात शिवण घालतेत. मधात खांबाची ओळ उभी करा. दोहीकडून मयाली त्याच्यावर टेकवा."

नायकानं बोटांवर हिशेब केला. तोड खरी होती, पण लाकूड दुप्पट लागणार होतं.

नाल्यापलीकडे देवरावची वस्ती. दोन वर्षांपूर्वी त्या घरांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता. विहारासाठी त्यांनी साग रचून ठेवला होता. त्यांची पोरं दूरच्या गावात, शाळेच्या ओसरीत बसून शिकत. जमनाबाई एकटीच नाला ओलांडून गेली.

देवरावनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "आमची पोरं कुठं बसतीन, याडी? ओसरीत?"

"ओसरी ठेवलीच नाही म्या. ते जागा बी अंदरच घेतली."

देवराव उठला. मग लाकडांकडे वळून पोरांना म्हणाला, "गाड्या जुंपा रे. विहार पुढच्या साली."

भर उन्हात पाच गाड्या नाला चढून आल्या. दोन्ही वस्त्यांच्या बायांनी कवेलू हातोहात वर दिले. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा कवेलू बसला, आणि दुपारीच जनपदाचे साहेब फीत घेऊन आले.

त्यांनी मोजलं. कागद पाहिला. पुन्हा मोजलं. "कागदावर तीस बाय वीस. हे पंचेचाळीस बाय तीस भरतं."

जमनाबाई पुढं आली. "चूक माही हाय, साहेब. पण भीत पाडाले सांगू नका."

"पाडायला कोण सांगतंय, बाई? सातवीपर्यंतची शाळा द्यायला जागा शोधत मी महिनाभर हिंडतोय. आठ गावं पाहिली, सगळीकडं चार वर्गांपुरतीच इमारत."

लालसिंग नायक साहेबांच्या कानाशी ओरडला, "म्या पह्यलेच म्हनलं होतं, मोठी बांधा!"

अख्खी शाळा हसली. पाचवीच्या पुढं बसायला अजून एकही पोर नव्हतं, पण डफ वाजायला लागला आणि नाल्यापलीकडची माणसंही त्या रात्री जेवूनच गेली.

चौसष्ट साली पहिला सातवीचा वर्ग पास होऊन निघाला. त्यात कोकिळा होती, देवरावची लेक प्रभावती होती. त्या दिवशी मास्तरांनी दाराच्या चौकटीवर जमनाबाईचा हात ठेवून कोपराशी आणि बोटाच्या टोकाशी दोन खिळे ठोकून ते माप कायमचं केलं.

दुसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेनं आणखी एक खोली मंजूर केली. इंजिनियर फीत उलगडू लागला, तर मिस्त्री म्हणाला, "थांबा, याडी येऊन राह्यली."

जमनाबाई आली. बांगड्या मागं सारून तिनं कोपर जमिनीवर टेकवलं. "कागदावर फूट लिहा तुम्ही," ती म्हणाली, "मोजाचं माह्याकडं."