पप्पांना मशीन नको होतं

पप्पांची फुफ्फुसं आता सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं. श्वास फारच लागला तर व्हेंटिलेटर लावता येईल, पण त्याने आजार बरा होणार नाही, फक्त दिवस लांबतील. पप्पा शुद्धीवर होते. ते स्वतःच म्हणाले, "मशीन नको. मला घरी ने."

मी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, नाशिक रोडला आईवडिलांजवळच राहते. मोठा भाऊ पुण्याला असतो आणि तिथल्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो. फोन केल्यावर तो दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आला. पप्पांच्या कपाळावर हात ठेवला, क्रूसाची खूण केली आणि मला बाहेर बोलावलं.

"मशीन नको म्हणजे काय? ही आत्महत्याच झाली," तो म्हणाला. "जीव देवाने दिलाय. तो आपण ठरवून संपवायचा नाही. चर्चची शिकवण आहे ती."

"दादा, त्यांनी स्वतः सांगितलंय."

"ते आजारी आहेत. त्यांना काय कळतंय?"

तीन वर्षं पप्पांना मी अंघोळ घालत होते. त्यांना काय कळतं आणि काय नाही, हे मला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत त्याने आमच्या नाशिक रोडच्या चर्चमधला प्रार्थना गट बोलावून घेतला. सात-आठ माणसं कॉटभोवती उभी राहिली. जपमाळ सुरू झाली. एक बाई पप्पांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "अंकल, मनात काही पाप राहिलं असेल तर देवाला सांगून टाका. म्हणूनच त्रास होतोय." पप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहून चादरीवर बोटं हलवली. ती खूण मला माहीत होती. मी दादाला हळूच म्हटलं, "सगळ्यांना बाहेर ने. त्यांना लघवीला झालीय."

"शेवटचे दहा मणी राहिलेत," तो म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता. तो व्हिडिओ काढत होता, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला.

ते दहा मणी संपेपर्यंत पप्पांनी धीर धरला नाही, धरता आलाच नाही. चादर ओली झाली, वास आला. कानाशी वाकलेली ती बाई नाकाला पदर लावून मागे सरकली, पण तिची प्रार्थना थांबली नाही. पप्पा आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय जिन्याखाली उतरले नव्हते. ते रडायला लागले. दादा त्या बाईला म्हणाला, "बघा, पवित्र आत्मा काम करतोय."

मला त्या क्षणी जी शिसारी आली, ती ओल्या चादरीची नव्हती. मी मोबाइलवर हात ठेवला, पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. बाहेरून त्या बाईचा आवाज ऐकू आला, "मुलीचा विश्वास कमी दिसतो."

सकाळी आमचे फादर आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्कारासाठी आले. आधी त्यांनी पप्पांनाच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" पप्पांनी मास्क बाजूला करून तेच सांगितलं: मशीन नको, घर. संस्कार झाल्यावर दादाने फादरना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"फादर, हे पाप नाही का?"

"जीव घेणं वेगळं आणि येणारं मरण स्वीकारणं वेगळं," फादर म्हणाले. "त्यांचं पाणी, जेवण, औषध, सेवा थांबवायची नाही. पण ज्याने बरं वाटणार नाही, नुसतं मरण लांबेल, असा उपचार नाकारायची चर्च मोकळीक देतं. ही शिकवण जुनी आहे. तुम्ही तर शिकवता."

दादाने कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाला, "पण मी लोकांना काय सांगू?"

त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. पप्पांचा आत्मा, देवाची आज्ञा यांतलं काहीच त्याच्या काळजीत नव्हतं.

आम्ही पप्पांना घरी आणलं. भाड्याने ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. मम्मी त्यांच्या उशाशी बसून चमच्याने पेज भरवायची. दादा दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेला, रजा नव्हती म्हणे. पुढच्या आठवड्यात दुपारी, मम्मीचा हात हातात असताना पप्पा गेले. त्रास झाला, पण थोडा. खोलीत आम्ही दोघीच होतो.

अंत्यविधीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, दादा चार शब्द बोलायला उभा राहिला. "शेवटच्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी प्रार्थनेत राहून निर्णय घेतला," तो म्हणाला. "पप्पांच्या इच्छेचा मी मान राखला." लोकांनी माना डोलावल्या. प्रार्थना गटातल्या त्या बाईने डोळे पुसले. माझ्या शेजारी मम्मी खाली बघत बसली होती. ती एवढंच पुटपुटली, "बोलू दे त्याला."

मी बोलू दिलं. पुढे मिस्साच्या रिवाजाप्रमाणे फादरनी शेजाऱ्याला हात जोडून एकमेकांना शांती द्यायला सांगितलं. दादा माझ्याकडे वळला, डोळे भरलेले, हात जोडलेले. मीही हात जोडले. त्याला क्षमा करायला हवी, हे मला शिकवलेलं आहे आणि ते खरं आहे असं मी मानते. अजून ते जमलेलं नाही.