पायरीची ट्रायल

गल्लीच्या तोंडाशी दुकान आणि दुकानाच्या मागं दोन खोल्या, एवढाच मास्तरांचा संसार. सत्तावीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करण्यात आणि पोटं झाकण्यात गेली. कात्री हातात आली की मास्तर राजा. पण घरातल्या भिंतीत त्यांनी आजवर एक खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडरचा खिळासुद्धा बायकोनं बत्त्यानं ठोकलेला.

असा हा माणूस शनिवारी सकाळी खांद्यावर फळी, काखेत करवत आणि हातात उसनं आणलेलं ड्रिल घेऊन घरात शिरला, तेव्हा बायको म्हणाली, "ही कुणाची पँट?"

"पायरी करतोय. आईसाठी."

कपडे वाळत घालायचे सोडून बायकोनं मधल्या खोलीतली खाट बाजूला सरकवली आणि काम करायला जागा करून दिली.

सहा आठवड्यांपूर्वी आई बाथरूमच्या दारात पडली होती. त्या दाराशी जमिनीपासून चौदा इंचांची उडी होती. कुणा गवंड्याला पाइप खाली पुरायचा कंटाळा आला असणार, म्हणून त्यानं अख्खी बाथरूमच वर उचलली होती. डावा खुबा मोडला, डाव्या मनगटाचंही काही खरं राहिलं नाही. दवाखान्यातून आई थेट ताईकडे गेली. ताईचं घर तळमजल्यावर, सगळं सपाट, कुठं ठेच लागायची सोय नाही. आता आई काठी घेऊन चालत होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, पाय सात इंच उचलेल, त्याहून वर नको.

शुक्रवारी ताईचा फोन आला होता. मास्तरांहून ती सहा वर्षांनी मोठी, आणि ते ती विसरू देत नसे. "रविवारी दुपारी आईला घेऊन येते. कुणाचा हात न धरता बाथरूमला जाऊन आली, तर ठेवून घे. नाहीतर ती माझ्याकडे, आणि कायमची. सारखी ने-आण करायला ती काय पार्सल आहे?"

तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला होता. "आणि मला उचलून-बिचलून नेणार असशील, तर मीच यायची नाही. आधीच सांगून ठेवते."

दुकानात खिडकीशी आईची खुर्ची सहा आठवडे रिकामी होती. काजं-बटणं तीच करायची. गिऱ्हाइकांची मापं वहीत असत, पण कुणाच्या घरी काय चाललंय ते आईच्या डोक्यात. मास्तरांना ती खुर्ची परत भरायची होती. बस्स.

चौदाचे निम्मे सात. सात इंच उंचीचा एक खोका दारासमोर बसवायचा आणि बाजूच्या भिंतीला धरायला दांडा. सुतारकामाच्या पुस्तकात बघितलं तर दोन दिवसांचं काम, तेही चहा पीत पीत.

खोका बाथरूमपुढच्या अरुंद बोळात बसणार होता. दोन भिंतींमध्ये अंतर बत्तीस इंच. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, दोनदा माप घेतलं, निळ्या खडूनं फळीवर रेघ मारली. मधली लेक सहावीत होती. एकटीच होती, पण दुकान आणि घर यांच्या मध्ये सारखी लुडबुडे म्हणून तिला मधली म्हणत. ती जवळ बसून बघत होती.

"बाबा, वरच्या फळीची जाडी धरली का? ती पाऊण इंच आहे. तुमची पायरी पावणेआठची होणार."

मास्तर थबकले. कापडाला कधी जाडी धरावी लागत नाही. त्यांनी उभ्या फळ्यांवरची रेघ पाऊण इंच खाली घेतली. "शाळेत हेच शिकवतात का?"

"हे दिसतंच की."

दुपारपर्यंत करवतीनं हाताला फोड आणले, पण खोका उभा राहिला. स्क्रू सगळे आत, कोपरे काटकोनात. मास्तरांनी तो लेकराला उचलावं तसा उचलला, बोळाच्या तोंडाशी नेला, आणि तो तिथंच अडला. तिरका केला, उलटा केला. आत जाईना.

बायकोनं टेप लावली. "चौतीस आहे हो हा."

"हो. दोन्ही बाजूंना एकेक इंच मार्जिन सोडलंय."

"कशाला?"

शिलाईत दाबायला, असं मास्तर सांगणार होते. सत्तावीस वर्षं हात आपोआप इंचभर जादा सोडत आला होता. माणूस जाड होतो, बारीक होतो, कपडा उसवून सैल करता आला पाहिजे.

"फळी कुठं दुमडणार होता?" बायको पदर तोंडाला लावून हसली. मधली तर भिंतीला टेकून खाली बसली. कोपऱ्यावरच्या खिळेवाल्या काकांना हे कळलं असतं, तर त्यांनी दुकानाच्या फळ्यावर लिहिलं असतं. सकाळी सामान देतानाच त्यांनी मास्तरांची फिरकी घेतली होती. अडीच फुटांचा दांडा पुरे असताना मास्तरांनी पाच फुटी घेतला आणि दांडा धरणारी कड्यांची जोडी एक पुरे असताना दोन घेतल्या. "मास्तर, घरात सर्कस काढताय काय?" मास्तर म्हणाले होते, "असू दे. जादा असलेलं बरं."

त्यांनी खोका परत खोलीत आणला, मांडी ठोकली आणि स्क्रू काढायला घेतले.

"उद्या करा की. हात बघा तुमचा," बायको म्हणाली.

"उसवणं हे निम्मं काम असतं आमच्यात. त्याला कोण रडतंय."

मधलीनं स्क्रू वाटीत मोजून ठेवले. बायकोनं फळी दाबून धरली. संध्याकाळी खोका बत्तीसला सुतभर कमी, असा बोळात सरकला आणि 'ठक' करून बसला. मास्तर त्यावर चढले, उड्या मारल्या. मग बायकोला चढवलं. मग तिघं एकदम चढले. खोका हूं की चूं करेना. मधलीनं पॉलिश पेपर मारून कडा गुळगुळीत केल्या, आणि वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत पट्ट्या चिकटवल्या.

रविवारी सकाळी दांडा. उंची किती? मास्तरांच्या वहीत आईची सगळी मापं होती, पण ती पडण्याआधीची. त्यांनी ताईला फोन लावला.

"आईला उभी कर. चपला घालून. मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धर."

"आता तिला कोट शिवतोयस का रे?"

"धर म्हणतो ना."

फोनमधून खडखड ऐकू आली, आईचं "गुदगुल्या होतात गं" ऐकू आलं, मग ताई म्हणाली, "तीस."

मास्तरांनी वही बघितली. जुनं माप साडेएकतीस. त्यावर रेघ मारून त्यांनी शेजारी तीस लिहिलं. मग दांड्याच्या उंचीचं पुस्तकातलं बत्तीसचं माप खोडलं आणि भिंतीवर तिसाची खूण केली. ड्रिलनं पहिलं भोक पाडताना त्यांनी डोळेच मिटले होते; चौथ्याला उघडे होते. पायऱ्यांच्या चढाप्रमाणे तिरका दांडा, आत जाताना उजव्या हाताला. त्याला मास्तर दोन्ही हातांनी लोंबकळले. हलला नाही.

दुपारी ताई आली. आईची कपड्यांची पिशवी तिनं गाडीतच ठेवली होती. मास्तरांच्या ते लगेच लक्षात आलं.

आई काठी टेकत सरळ बोळात गेली, काठी भिंतीला लावली, उजवा हात दांड्यावर ठेवला. एक पाय. दुसरा पाय. परत एक. दुसरा. बाथरूमच्या दारात उभी राहून तिनं मागं वळून बघितलं. मधलीनं टाळ्या वाजवल्या.

"आता ये बाहेर," ताई म्हणाली.

आई बाहेर तोंड करून उभी राहिली आणि थांबली. दांडा आता डावीकडे होता. डावा हात तिनं त्यावर ठेवला, जोर दिला, आणि चेहरा आक्रसून काढून घेतला. उजवीकडे नुसती भिंत.

मास्तरांनी आत जाणारी आई मापली होती. बाहेर येणारी मापलीच नव्हती.

ताई पुढं झाली. आवाज चढवला नाही तिनं. "झालं. तू पुष्कळ केलंस रे. ये आई, माझा हात धर."

"हात नको," आई म्हणाली. मग मास्तरांकडे बघून, "काय रे, पुढचा भाग शिवलास. पाठ कुठंय?"

दाराआड हात घालून मास्तरांनी दांड्याचा उरलेला अर्धा तुकडा काढला. मधली तोवर उरलेली कड्यांची जोडी घेऊन आली.

"किती वेळ लागेल?" ताईनं विचारलं.

"तासभर."

"आणि तोवर आई काय करेल?"

"मी इथं बसते," आई म्हणाली. तिनं अंघोळीचं उंच स्टूल पायानं चाचपलं आणि ऐटीत बसली. "आत आले ती माझ्या पायानं. बाहेर येईन तीही माझ्याच. मला चहा द्या."

मग घरानं तो तास बाथरूमपुढं काढला. ताई खोक्यावर बसून आईला बशीतून चहा देत होती, मास्तर तिच्या डोक्यावरून भिंतीला भोकं पाडत होते, आणि भिंतीचा चुरा चहात पडू नये म्हणून बायकोनं दोघींवर चादर धरली होती. आतून आईच्या सूचना चालू होत्या. "खूण तिरकी आहे." "अरे, आधी लोंबकळून बघ." "कडं वाकडं आहे, लोक काय म्हणतील?"

"बाथरूममध्ये लोक येतात होय?" ताई म्हणाली, आणि हसू लपवायला तिनं रिकामी बशी तोंडापुढं धरली.

मास्तर लोंबकळले. ताईनं उठून स्वतःही एकदा दांडा ओढून बघितला, चांगला हिसका देऊन. मग बाजूला झाली.

आई उठली. उजवा हात नव्या दांड्यावर. एक पाय. दुसरा. खोका. एक पाय. दुसरा. जमीन. तिनं काठी उचलली, आणि मापात खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकासारखं वळून बघितलं.

"हा दांडा बोटभर खाली हवा होता."

मास्तरांनी कानावरचा खडू काढला. "आत्ता घेतो."

"आत्ता नको. उद्या घे. मी काय कुठं पळून चाललेय?" म्हणत ती काठी टेकत दुकानाकडे, खिडकीतल्या खुर्चीकडे निघाली.

ताई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग पर्समधून गाडीची किल्ली काढून तिनं मधलीच्या हातात दिली. "जा, आज्जीची पिशवी आण. आणि नीट धर, खाली चष्मा आहे."