तीस वर्षांची तार आणि मिरजेचा दोरा

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याहून मिरजेला निघालो तेव्हा कुरोसे सरांच्या मांडीवर कागदांनी भरलेली एक पत्र्याची पेटी होती. तीस वर्षं जपानात त्यांनी एकच समीकरण घोटलं होतं: वक्र घोडीवरून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जाणारी तार गुंजते कशी. "सोबतचे विभागप्रमुख झाले, मी तारेवरच राहिलो," ते म्हणाले. मासे विकणाऱ्याचा हा मुलगा मार्चमध्ये निवृत्त होणार होता. त्याआधी समीकरण खऱ्या तंबोऱ्यावर तपासायचं होतं. मी गणिताचा मास्तर, त्यांचं इंग्रजी कळतं म्हणून दुभाष्या होऊन त्यांच्या गळ्यात पडलेला.

कराडला भडंग (तिखट चुरमुरे) घेतलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सांगली यायच्या आत पुडा संपला.

मिरजेत रिक्षावाल्यानं सरांची पांढरी दाढी पाहिली आणि काही न विचारता आम्हाला दवाखान्याच्या दारात उतरवलं.

"अहो, तंबोरेवाल्याकडे जायचंय."

"म्हातारं मानूस घिऊन मिरजंला तंबोऱ्यासाठी कोन येतंय? आलाय तर दाखवून घ्या. डाक्टर लय चांगला हाय."

तोवर आतल्या मावशींनी सरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं आणि सर वाकून वाकून आभार मानत होते. शेवटी दोघांचाही रक्तदाब तपासला गेला. जास्त माझा निघाला.

तंबोरेवाले दस्तगीरभाई साठीचे. सरांनी कागदावर काढून आणलेल्या वक्राबरहुकूम त्यांनी घोडी घासली, तार छेडली. पत्रा वाजावा तसा आवाज आला. सरांचा चेहरा उतरला.

दस्तगीरभाईंनी तारेखाली सुती दोरा सरकवला, कानशीचे दोन हात मारले. खोली गुंजारवानं भरून गेली.

"हा दोरा नेहमी असतो?" सरांनी विचारलं.

"व्हय. त्याबिगर तार बोलत न्हाई."

सरांनी तो दोरा चित्रांत पाहिला होता आणि नगण्य म्हणून सोडून दिला होता. "तीस वर्षं चुकलो," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. तरी भाषांतर केलं.

"तीसच? माजी चाळीस झाली," दस्तगीरभाई म्हणाले. "अजून पयल्या झटक्यात जमत न्हाई. बसा, परत दावतो."

संध्याकाळपर्यंत दोघं घोडीवर वाकून बसले होते. मी फक्त चहा सांगत होतो.

परतीच्या गाडीत सरांनी कोरा कागद काढला आणि पहिल्या ओळीत दोऱ्याची जाडी लिहिली. "बरं झालं," ते म्हणाले, "निवृत्तीनंतर करायचं काय, याची काळजीच होती."

मी वीस वर्षं एकाच वहीतून शिकवत होतो आणि एकदाही चुकलो नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.