नळीची कड

दुर्बीण पोटात सोडताना घसा खरचटू नये म्हणून आधी एक मऊ नळी घालतात. तशी नळी मी बनवली. रबरी पुतळ्याच्या घशात ती सरसर उतरली, तेव्हा मी कारखान्यात पेढेसुद्धा वाटले. मग नमुना घेऊन ऐटीत इस्पितळात गेलो.

तिथल्या वयस्क सिस्टरांनी डोळे मिटले आणि नळीची कड खालच्या ओठाच्या आतून हळूच फिरवली.

"बोचतेय, दादा."

"अहो, यंत्राने तपासलीय!"

"मग यंत्रालाच घाला. बाहेर बसलेल्या आजोबांसारख्यांच्या घशात ही जायची नाही."

चिडून मी स्वतःच्या ओठाला लावून पाहिली. चांगलीच बोचली. पुतळ्याने मात्र कधी हूं की चूं केलं नव्हतं, आणि मी त्यालाच पसंती समजत होतो!

आपल्या अंगाला लागणाऱ्या किती वस्तूंची कड अशी आधी कुणीतरी स्वतःवर सोसून पाहिलेली असते. आपल्याला त्या माणसांचं नावही ठाऊक नसतं.

नळी पिशवीत लपवून बाहेर आलो. बाकावरच्या आजोबांनी मला डॉक्टर समजून विचारलं, "फार दुखतं का हो?"

"घाबरू नका आजोबा," मी म्हणालो, "आत सिस्टर आहेत."